बॅट फेकली? दोन ओव्हर बाहेर!

आठवडाभर ऑफिसमध्ये बॉसचं ऐकायचं आणि शनिवारी मैदानावर आपणच बॉस व्हायचं! सोसायटीच्या पोरांना खेळ शिकवणारे दादा आणि ताया आता जवळपास प्रत्येक कॉम्प्लेक्समध्ये दिसतात. पण टीममधला एखादा कार्टा शिव्या देतो, बॅट फेकतो, अंपायरशी भांडतो... तेव्हा करायचं काय?

शनिवारची सकाळ. सात वाजलेत. शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपसमोर बसलेले तुम्ही ट्रॅक पँट चढवून, गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर हजर. समोर दहा ते चौदा वयाची पंधरा-सोळा पोरं. कॉलेजात तुम्ही बऱ्यापैकी खेळायचात, म्हणून सेक्रेटरी काकांनी गळ घातली, ‘पोरांना जरा शिकव की!’ तुम्हालाही बरं वाटलं. मोबाइल आणि टीव्हीतून पोरं बाहेर येतील, आपलाही घाम निघेल.

पहिले दोन आठवडे सगळं झक्कास. मग एके दिवशी टीमचा स्टार ओपनर एलबीडब्ल्यू होतो. तो जागचा हलत नाही. अंपायर बनलेल्या मुलाला एक सणसणीत शिवी घालतो आणि बॅट भिरकावून देतो. सगळी पोरं तुमच्याकडे बघायला लागतात. आता दादा काय करणार?

मी काय केलं ते आधी सांगतो. कारण मी चुकलो होतो.

मे महिना, साडेनऊचं ऊन. मी त्या तेरा वर्षांच्या पोराला मैदानाला दहा राउंड मारायला लावले. तो पळत असताना बाकीची पोरं हसत होती आणि खरं सांगायचं तर मीही हसलो. वर एक टोमणा मारला, ‘आता कळेल हीरोगिरी!’ पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो, तर त्याची आई म्हणाली, ‘अरे, तो दर शनिवारी किट भरून बसतो. पण खाली उतरतच नाही.’ पोरगा बेडरूममधून बाहेर आला, जमिनीकडे बघत उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, ‘दादा, पळायचं काही नाही. तुम्ही सगळ्यांसमोर हसलात.’

शिवी त्याने दिली होती, चूक त्याचीच होती. पण तीन आठवड्यांनंतर शिवी कोणाच्याच लक्षात नव्हती. लक्षात राहिलं होतं माझं हसणं.

‘ठोका की त्याला!’

मुलगा बिघडला की आपल्याकडे एक सल्ला फुकटात मिळतो आणि तोही बऱ्याचदा खुद्द पप्पांकडून. ‘चांगला ठोका हो त्याला, माझी काही हरकत नाही!’ त्याला जोडून पुरावाही तयार असतो. आचरेकर सरांनी मारलं म्हणूनच सचिन घडला ना?

तो किस्सा सचिनने स्वतःच सांगितलाय. वानखेडेवर हॅरिस शील्डची फायनल होती. शारदाश्रमचा इंग्रजी माध्यमाचा संघ विरुद्ध मराठी माध्यमाचा संघ. सरांनी सचिनसाठी दुसरीकडे मॅच ठरवली होती, पण ती सोडून हा फायनल बघायला गेला. तिथे सर भेटले. त्यांना सगळं ठाऊक होतं. एक जोरदार थप्पड बसली आणि हातातला डबा उडाला. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवू नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असं खेळ, असा त्या दिवशीचा धडा.

किस्सा खरा आहे, पण आपण त्यातली नेमकी थप्पडच उचलतो. याच सरांनी शाळकरी सचिनला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर मॅच खेळायला नेलं. पोरगा दमून ढिला पडायला लागला की सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो बोलर आउट करेल नाणं त्याचं, सचिन नॉटआउट राहिला तर सचिनचं. अशी तेरा नाणी सचिनने आजही जपून ठेवली आहेत. दिवसाच्या शेवटी पॅड-ग्लोव्ह्ज घालूनच शिवाजी पार्कला दोन फेऱ्या माराव्या लागायच्या. पण ती शिक्षा नव्हती, रोजच्या सरावाचाच भाग होता.

वर्षानुवर्षांची ही माया तुमच्या-माझ्या खात्यावर जमा नाही. आपण आठवड्यातून दोन तास भेटणारे दादा. आणि तो काळही गेला. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने बंदी घातली आहे. मैदान शाळेचं नाही म्हणून आपण सुटलो, असंही नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ मूल ज्याच्या ताब्यात आहे अशा कोणालाही लागू होतं. मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास होईल अशी मारहाण वा छळ केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखाचा दंड किंवा दोन्ही. पप्पांनी ‘हरकत नाही’ म्हटल्याने कायदा बदलत नाही.

मग निदान राउंड तरी? नकोच. व्यायामाचा शिक्षा म्हणून वापर चुकीचा आहे, अशी भूमिका अमेरिकेतल्या आरोग्य आणि शारीरिक शिक्षकांच्या ‘शेप अमेरिका’ या संघटनेनेही घेतली आहे. कारण अगदी साधं आहे. पळणं आवडावं म्हणून आपण पोरांना मैदानावर आणतो आणि चुकलं की तेच पळणं शिक्षा म्हणून देतो. मग पळणं आवडणार कसं? त्यात मे महिन्यातल्या उन्हात असे राउंड धोक्याचे. पाणी बंद ठेवणं तर त्याहून वाईट.

रहाणेचा इशारा

मग करायचं काय? याचं एक सॉलिड उत्तर एका मुंबईकर कॅप्टननेच दिलंय.

सप्टेंबर २०२२. कोइम्बतूरला दुलीप करंडकाची फायनल. पश्चिम विभागाचा कॅप्टन अजिंक्य रहाणे आणि टीममध्ये वीस वर्षांचा यशस्वी जैस्वाल. याच मॅचमध्ये यशस्वीने २६५ रन्स ठोकले होते, म्हणजे हीरो तोच. शेवटच्या दिवशी फिल्डिंग करताना तो दक्षिण विभागाच्या बॅट्समनला सतत काहीबाही बोलत होता. अंपायर्सनी समज दिली, रहाणेनेही समजावलं. तरी तोंड थांबेना. तेव्हा रहाणेने त्याला सरळ मैदानाबाहेर जायला सांगितलं.

बाहेर गेलेल्याच्या जागी दुसरा कोणी आला नाही. सुमारे सात ओव्हर पश्चिम विभाग दहाच जणांनिशी खेळला. मग यशस्वी परत आला, टीमने २९४ रन्सनी मॅच जिंकली आणि मॅन ऑफ द मॅच ठरला तोच. पुढच्या वर्षी डॉमिनिकात टेस्ट पदार्पणात त्याने १७१ रन्स काढले आणि तेव्हा रहाणेही त्याच टीममध्ये होता.

या एका प्रसंगात बघा किती गोष्टी आहेत. आधी इशारा मिळाला. शिक्षा ताबडतोब झाली, पण ती छोटी होती. द्विशतकवीर म्हणून सूट मिळाली नाही. शिव्या नाहीत, हात उगारणं नाही. टीमला त्याची किंमत मोजावी लागली आणि कॅप्टनने ती मोजली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परत येण्याचा रस्ता उघडा ठेवला. माझ्या दहा राउंडमध्ये नेमकं हेच नव्हतं!

खेळातच आहे उत्तर

मुलाला मैदानावर सगळ्यात जास्त काय हवं असतं? खेळायला मिळणं. म्हणजे शिक्षा शरीराला नको, मनाला नको. थोडा वेळ खेळ थांबवणं, बस्स.

खेळांच्या नियमांत हेच तर आहे. हॉकीत ग्रीन कार्ड मिळालं की दोन मिनिटं बाहेर, यलोला किमान पाच, रेड म्हणजे मॅचमधूनच सुट्टी. फुटबॉलची यलो आणि रेड कार्ड्स १९७०च्या वर्ल्ड कपपासून आहेत. ‘जंटलमन्स गेम’ म्हणवणाऱ्या क्रिकेटलाही अखेर २०१७च्या नियमावलीत खेळाडूंच्या वागणुकीचा वेगळा नियम घालावा लागला. त्यात चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर ताकीद आणि तीच चूक पुन्हा झाली तर समोरच्या टीमला पाच पेनल्टी रन्स. गुन्हा मोठा असेल तर काही ओव्हर बाहेर. शेवटच्या पायरीवर उरलेल्या मॅचपुरतं घरी.

अशा पायऱ्या नसतील तर काय होतं, तेही दिसतं. पोरं छोट्या गोष्टींपासून सुरुवात करतात आणि मोठ्यांवर पोचतात. फेब्रुवारी २०२०मध्ये अंडर-१९ वर्ल्ड कपची फायनल संपल्यावर भारत आणि बांगलादेशची पोरं मैदानावरच एकमेकांशी भिडली. आयसीसीने दोन्हीकडच्या मिळून पाच जणांवर कारवाई केली. वर्ल्ड कपची फायनल खेळणारी पोरं ही! आपली तर सोसायटीतली.

स्टारला सूट?

खरी परीक्षा इथे असते. बदली खेळाडूने शिवी दिली की आपण लगेच बसवतो. पण टॉप स्कोअररने दिली आणि समोर शेजारच्या कॉम्प्लेक्सची टीम असली, की आपल्याला अचानक ऐकू येईनासं होतं.

अमेरिकेत जॉन वुडन नावाचे बास्केटबॉलचे कोच होते. त्यांच्या यूसीएलए टीमने बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. केस आखूड हवेत, हा त्यांचा नियम. त्यांचा सर्वांत भारी खेळाडू बिल वॉल्टन एकदा वाढलेल्या केसांनिशी आला आणि म्हणाला, हा माझा हक्क आहे. वुडन चिडले नाहीत. आपल्या मतावर ठाम राहणारी माणसं मला आवडतात म्हणाले, आणि पुढे शांतपणे सांगितलं, आम्हाला तुझी फार आठवण येईल. वॉल्टन सायकलवर बसून थेट केस कापायला गेला! नियम योग्य होता की नव्हता यावर वाद घालता येईल. पण स्टारसाठी तो वाकला नाही आणि आवाजही चढला नाही, हे शिकण्यासारखं आहे.

तर या शनिवारी...

• पहिल्याच दिवशी पोरांना गोल बसवा आणि नियम त्यांनाच ठरवू द्या. तीनच ठेवा. शिवी नाही, वस्तू फेकायची नाही, अंपायरशी वाद नाही. स्वतः ठरवलेला नियम पोरं जास्त पाळतात.

• पायऱ्या आधीच सांगा. पहिल्यांदा इशारा, दुसऱ्यांदा दोन ओव्हर किंवा पाच मिनिटं बाहेर, तिसऱ्यांदा त्या दिवसाचा खेळ बंद. त्यानंतर आई-बाबांशी बोलणं.

• हाणामारी झाली तर पायऱ्या मोजत बसू नका. दोघंही लगेच बाहेर.

• बाहेर काढलेल्या मुलाला आपल्याजवळ बसवा. स्कोअर लिहायला द्या. एकट्याला घरी पाठवू नका, जबाबदारी तुमची आहे.

• बोलायचं ते बाजूला घेऊन. ‘तू बेशिस्तच आहेस’ नको. ‘तू बॅट फेकलीस, ती कोणाला लागली असती’ असं बोला.

• ‘काय झालं रे?’ हे विचाराच. कधी टेस्टमध्ये मार्क कमी पडलेले असतात, कधी घरी वाजलेलं असतं, कधी पोरगा नुसता उपाशी आलेला असतो.

• एकाने केलं म्हणून सगळ्या टीमला शिक्षा नको. त्याने चूक सुधारत नाही, चुकणाऱ्याचे शत्रू वाढतात.

• चांगलं वागला तर तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. एक रुपयाचं नाणं आजही चालतं!

• आणि हो, तुम्ही स्वतः अंपायरवर ओरडत असाल तर वरचं सगळं विसरा. पोरं तुमचं ऐकत नाहीत, तुम्हाला बघतात.

त्या ओपनरचं काय झालं? त्या दिवशी त्याच्या घरी मी सॉरी म्हटलं. त्याच्या आईसमोर तेरा वर्षांच्या पोराला सॉरी म्हणताना जाम अवघडलो, पण म्हटलं. पुढच्या शनिवारी तो आला. आम्ही सगळ्यांनी बसून नियम ठरवले आणि ‘दोन ओव्हर बाहेर’ ही आयडिया त्याचीच.

महिन्याभरात त्याने पुन्हा बॅट आपटली! मी काही बोललो नाही, फक्त दोन बोटं दाखवली. तो पाय आपटत आला, माझ्या शेजारी बसला आणि स्कोअर लिहायला लागला. बारा बॉल झाले. तेरावा पडायच्या आत उठून म्हणाला, ‘दादा, झाल्या दोन ओव्हर. जाऊ?’

‘जा,’ म्हटलं. पळत सुटला.