मुलाला घरातून केव्हा हलवावे?

एखादे मूल रोज उपाशी शाळेत येते. एखाद्याच्या पाठीवर वळ दिसतात. घरी काहीतरी बिनसले आहे, हे अनेकदा प्रथम शिक्षकांच्याच लक्षात येते. पण पुढे काय? न्यूयॉर्क शहरात यासाठी स्वतंत्र खाते आहे. त्याचे काम कसे चालते ते पाहू.

नोव्हेंबर १९९५ मध्ये तेथे सहा वर्षांची एक मुलगी आईच्या मारहाणीत मरण पावली. तिच्याविषयीच्या तक्रारी आधीच नोंदल्या गेल्या होत्या. लोक संतापले आणि जानेवारी १९९६ मध्ये 'बालसेवा प्रशासन' हे खाते थेट महापौरांच्या अखत्यारीत निर्माण झाले.

न्यूयॉर्क राज्यात शिक्षक व डॉक्टर यांना छळाचा किंवा हेळसांडीचा वाजवी संशय आला तर कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणे हे त्यांचे काम नव्हे. चौकशी २४ तासांत सुरू होते आणि ६० दिवसांत निष्कर्ष काढावा लागतो. कर्मचारी घरी जातात. मुलाशी, पालकांशी, शाळेशी बोलतात. जिवाला धोका असेल तर मुलाला तत्काळ हलवता येते, पण ते योग्य होते हे कुटुंब न्यायालयाला पटवून द्यावे लागते.

येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेला एक पेच उभा राहतो. कोणत्याही चाचणीत दोन प्रकारच्या चुका संभवतात : रोग असून तो न सापडणे आणि रोग नसताना तो आहे असे ठरणे. चाचणी अधिक संवेदनशील केली की पहिली चूक घटते, पण सहसा दुसरी वाढते. येथेही तसेच आहे. धोक्यातले मूल घरीच राहिले, ही पहिली चूक. मुलाला विनाकारण आईपासून तोडले, ही दुसरी. पहिली वर्तमानपत्रांत येते. दुसरी घरच्यांखेरीज फारशी कोणाला दिसत नाही. जानेवारी २००६ मध्ये सात वर्षांच्या एका मुलीचा छळाने मृत्यू झाला, तेव्हा तक्रारी वाढल्या आणि घरातून हलवलेल्या मुलांची संख्याही वाढली. शहरातली घरे एकाएकी बिघडली होती असे नव्हे. संशयाची पातळी खाली आली होती.

दुसऱ्या चुकीची दखल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच घेतली होती. मार खाणाऱ्या आयांची मुले, त्यांनी तो मार पाहिला एवढ्याच कारणावरून काढून घेतली जात होती. तेवढे कारण पुरेसे नाही, असे न्यायालयाने ठरवले. मूल घरी ठेवण्यातला धोका आणि घरातून हलवल्याने होणारी इजा या दोन्हींची तुलना केलीच पाहिजे.

बहुतेक तक्रारी मारहाणीच्या नसून हेळसांडीच्या असतात, आणि दारिद्र्य व हेळसांड वरवर सारखीच दिसतात. म्हणून हे खाते स्वयंसेवी संस्थांमार्फत घरीच मदत पोचवते : समुपदेशन, व्यसनमुक्तीचे उपचार, पाळणाघर. १९९० च्या दशकाच्या आरंभी शहरातील सुमारे ५० हजार मुले परक्या घरी किंवा संस्थेत होती. २०२२ पर्यंत ती ७ हजारांच्या आसपास आली. यामागे अनेक कारणे आहेत. घरपोच मदत हे त्यांतले एक.

आपल्याकडे २०१५ च्या बालन्याय कायद्यातही संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक व जिल्ह्याची बाल कल्याण समिती आहे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणे बंधनकारकच आहे. अशा वेळी शिक्षकांनी कळवावे, पण पालकांना दोषी ठरवून मोकळे होऊ नये. कळवणे म्हणजे निकाल नव्हे. ती चौकशीची सुरुवात आहे.