खारीचा वाटा, श्रूजबरी शाखा

खारी आम्हाला काही नव्या नाहीत. साताऱ्याच्या आमच्या घरामागे चिकूचं झाड आहे आणि त्यावरचे निम्मे चिकू दर वर्षी खारीच खातात. सौ. गाद्या उन्हात टाकते, तेव्हा घरट्यासाठी कापूसही तिथूनच ओढून नेतात. रामाने पाठीवरून बोटं फिरवलेल्या जातीशी भांडायचं कसं, म्हणून आम्ही तो हिशेब कधी मांडला नाही. पण २०२२ साली लेकीकडे अमेरिकेत गेलो आणि तिथे खारीच्याच एका चुलत भावंडाच्या बाबतीत मी असं काही केलं, की ते घरात आजवर नीटपणे सांगितलेलं नाही.

लेक मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनच्या पश्चिमेला श्रूजबरी नावाच्या गावात राहते. आम्ही एप्रिलमध्ये पोचलो. आदल्या हिवाळ्याच्या तोंडावर तिने हौसेने ट्यूलिपचे पन्नास कंद लावले होते. उगवले अकरा. बाकीच्या जागी खळगे.

"चिपमंक, बाबा," ती म्हणाली.

तेवढ्यात स्वारीच कठड्यावर येऊन बसली. शेपटीसकट वीतभर, वजन असेल शंभरेक ग्रॅम, रंग तांबूस, पाठीवर पाच काळे पट्टे आणि दोन्ही गाल असे फुगलेले की गालगुंड झालंय की काय वाटावं. माझ्या सहा वर्षांच्या नातवाला मी सेतूची गोष्ट सांगितलेली होती. तो पट्टे मोजून म्हणाला, "आजोबा, हिच्यावर रामाने सगळीच बोटं फिरवली!"

बँकेत तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला या प्राण्याचं कौतुक वाटल्याशिवाय राहणार नाही. गालांतल्या पिशव्यांत बिया भरायच्या आणि बिळात नेऊन ठेवायच्या, हा दिवसभराचा उद्योग. बिळाचं तोंड जेमतेम दोन इंचांचं आणि दाराशी मातीचा ढीग नाही, त्यामुळे शेजारून गेलात तरी कळत नाही. आत मात्र वीस-तीस फुटांपर्यंत बोगदे असू शकतात. झोपायची जागा वेगळी, कोठार वेगळं. थंडीत अस्वलासारखी अंगावरच्या चरबीवर ती जगत नाही. गाढ झोपते, काही दिवसांनी उठते, कोठारातलं खाते, पुन्हा झोपते. ठेवीवर जगणारा इतका शिस्तीचा खातेदार मला अख्ख्या नोकरीत भेटला नाही.

हे कौतुक जुलैपर्यंत टिकलं. मेच्या अखेरीला मी स्वतःच्या हातांनी टोमॅटोची रोपं लावली होती. फळं लाल व्हायला लागली आणि रोज सकाळी एकेका टोमॅटोला एकेक चावा. अख्खं फळ खाल्लं असतं तर एवढा राग आला नसता. पक्ष्यांना तिखट लागत नाही, पण या जातीला लागतं, हे वाचून मी साताऱ्याहून आणलेलं लाल तिखट वाफ्यात पसरलं. "अहो, सहा महिन्यांचं आहे ते!" सौ. ओरडली. दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस. तिखट गेलं, टोमॅटोही गेले. पकडून लांब सोडावं, तर त्या राज्यात वन्यप्राणी पकडून दुसरीकडे सोडायला कायद्यानेच बंदी.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. फार सज्जन माणूस, नातवाला सायकल त्यांनीच शिकवली. त्यांनी उपाय सांगितला आणि बादलीही आणून दिली. पाच गॅलनच्या बादलीत निम्मं पाणी, त्यावर सूर्यफुलाच्या बियांचा थर आणि कडेला टेकवलेली एक फळी. लेक म्हणाली, "नको बाबा, राहू द्या." मी बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती कामाला आणि नातू शिबिराला गेल्यावर मी बादली भरली.

दुपारी एक वाजता जाऊन पाहिलं. बियांमध्ये ती तरंगत होती. गाल भरलेले तसेच.

वसुलीच्या कामात मी लोकांच्या दारात उभा राहिलेलो आहे, जप्तीच्या नोटिसा हातात दिलेल्या आहेत. पण तेव्हा निदान नियमाचा कागद तरी असायचा. इथे चार टोमॅटो होते. उन्हाळ्यात त्यांची दुसरी वीण होते, हे मी नंतर वाचलं. ही मादी होती की नर, ते मी पाहिलं नव्हतं. कुंपणाशी खड्डा करून पुरलं, बादली उपडी केली, शेजाऱ्यांना परत दिली. आत आलो तेव्हा माझ्या हातांना माती होती. सौ.ने हातांकडे पाहिलं आणि काही न विचारता चहा टाकला.

नातू साडेतीनला आला. कठड्याशी उभा राहून बराच वेळ वाट पाहत होता.

"आजोबा, ती कुठे गेली?"

"गावाला गेली," मी म्हणालो.

पुढचे उपाय साधे होते, आधीच करता आले असते. पक्ष्यांच्या दाण्याचा डबा घराजवळून हलवून अंगणाच्या टोकाला नेला, कारण खाली सांडणाऱ्या दाण्यांवरच सगळी पंगत उठत होती. ऑक्टोबरमध्ये परतायच्या आधी लेकीबरोबर नवे कंद लावले. ट्यूलिपवर अर्ध्या इंचाची तारेची जाळी अंथरून वर माती टाकली. कोंब त्यातून वर येतात, चिपमंकला आत शिरता येत नाही. कडेने डॅफोडिल लावले, ते विषारी असल्याने त्यांना कुणी तोंड लावत नाही. टोमॅटोचं म्हणाल, तर ते किंचित रंग धरताच तोडून घरात पिकवायचे. आपल्याकडे आंबे आढीत घालतोच की!

२०२३च्या एप्रिलमध्ये लेकीचा फोन आला. चाळीसेक ट्यूलिप उगवले होते. मग नातवाने फोन ओढून घेतला.

"आजोबा, ती गावाहून परत आली! कठड्यावर बसलीय."

"हो का?" एवढंच मी म्हणालो, आणि फोन आजीकडे दिला.