प्रत्येक दुसरं अंडं

क्रेस्टेड न्यूटची मादी अंडी घालताना किती निगुतीनं घालते! पाण्यातलं एक कोवळं पान मागच्या पायांनी दुमडायचं, घडीत एकच अंडं ठेवायचं, अंड्याभोवतीच्या चिकट थरानं पान मिटेपर्यंत ते दाबून धरायचं आणि मग दुसऱ्या पानाकडे वळायचं. युरोपातल्या तळ्यांत ती एका हंगामात अशी 200 ते 300 अंडी घालते. दिसायला पालीसारखा असला तरी न्यूट हा बेडकाचा भाऊबंद. सह्याद्रीत तो नाही. भारतात दार्जिलिंग-सिक्कीमपासून पूर्वेच्या डोंगरांत न्यूटच्या वेगळ्या जाती आढळतात.

ब्रिटनमध्ये क्रेस्टेड न्यूटला कायद्याचं संरक्षण आहे, तळ्यातून अंडी उचलता येत नाहीत. त्यामुळे हौशी लोक बंदिवासात जन्मलेल्या जोड्यांपासून पिल्लं वाढवतात. टाकीत पानांऐवजी प्लॅस्टिकच्या पट्ट्या सोडल्या, तरी मादी त्यांच्याही घड्या घालते. अंडी उथळ भांड्यात वेगळी काढली की भिंगातून आतला जीव लांबट होताना दिसतो, शेपटीचा कोंब फुटतो. आणि इथेच निम्मी अंडी थांबतात. त्यांच्यावर बुरशी चढते. पाणी बदला, तापमान सांभाळा, काही फरक पडत नाही.

याचं कारण पाण्यात नाहीच. 1980 मध्ये हर्बर्ट मॅकग्रेगर आणि हेदर हॉर्नर या शास्त्रज्ञांनी ते पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रात दाखवून दिलं. या गुणसूत्राची दोन रूपं आहेत, त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू. जगण्यासाठी दोन्ही लागतात. ज्याला दोन ‘अ’ किंवा दोन ‘ब’ मिळाले, तो जीव अंड्यातच संपतो. जगलेला प्रत्येक न्यूट ‘अ-ब’ असतो. म्हणून आईही तशी, बापही तसाच, आणि त्यांची निम्मी अंडी मरणारच. पुढच्या पिढीतही तेच, कारण वाचतात ते फक्त ‘अ-ब’. क्रेस्टेड न्यूटच्या वंशातल्या साऱ्या जाती हा भार वाहत आल्या आहेत, आणि तरीही टिकल्या आहेत! मला सृष्टीतल्या मोजक्याच गोष्टींनी इतकं थक्क केलं आहे.

वाचलेले जीव दोन-तीन आठवड्यांत बाहेर येतात, जेमतेम सेंटिमीटरभर लांब. पाय अजून नीट फुटलेले नसतात, म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन नाजूक दांडे असतात. त्यांच्या आधारावर पिल्लू तळाशी तोल सांभाळतं. पाय वाढले की दांडे नाहीसे होतात. पहिले काही दिवस पोटातल्या बलकावर निघतात. मग भूक लागते ती जिवंत भक्ष्याचीच. हललं नाही ते या पिल्लांना अन्नच वाटत नाही, त्यामुळे आर्टेमियाची ताजी उबवलेली पिल्लं नि डाफ्निया असे बारीक पाणजीव रोज पुरवावे लागतात. बेडकाच्या पिल्लाला मागचे पाय आधी दिसू लागतात, न्यूटला पुढचे. मानेशी पिसासारखे कल्ले बाहेर झुलत असतात.

गर्दी झाली की पिल्लं एकमेकांचे पाय नि कल्ले कुरतडतात. तुटलेला पाय मात्र हाडासकट, बोटांसकट पुन्हा उगवतो! आकारानुसार पिल्लं वेगळी केली की हे प्रकार कमी होतात. साधारण तीन महिन्यांनी कल्ले आखडू लागतात. तेव्हा टाकीत पाणी कमी करून बुचाच्या सालीचा तुकडा तरंगत ठेवायचा, कारण फुप्फुसांनी श्वास घेऊ लागलेल्या पिल्लाला वर चढायला जागा मिळाली नाही, तर ज्या पाण्यात ते वाढलं त्यातच बुडून मरतं.