दिसणारी गाठ, लपणारी गाठ

बाह्यरुग्ण विभागात हल्ली एक दृश्य वारंवार दिसते. साठी ओलांडलेले गृहस्थ, शेजारी मुलगा किंवा सून आणि हातात एमआरआयचे मोठे पाकीट. रिपोर्ट घरात सगळ्यांनी वाचलेला असतो. त्यात ‘पाय-रॅड्स ४’ असे लिहिलेले असते. खुर्चीवर टेकायच्या आधीच मुलगा दबक्या आवाजात विचारतो, ‘‘डॉक्टर, बाबांना चौथ्या स्टेजचा कॅन्सर आहे का?’’

याच्या उलट गोष्टही घडते. रिपोर्टमध्ये ‘पाय-रॅड्स २’ येतो, घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि फाइल कपाटात जाते. पुढची दोन-तीन वर्षे पीएसए तपासणीसुद्धा होत नाही.

दोन्ही घरांची चूक एकच असते. एमआरआय म्हणजे कर्करोगाचा फोटो, असे दोघांनीही धरलेले असते. प्रत्यक्षात यंत्राला कर्करोग दिसत नाही. त्याला दिसते ते ऊतींमधले पाणी. गाठ कशी वाढते यावर त्या पाण्याचे काय होते ते ठरते, आणि म्हणून गाठ दिसते की लपते हेही त्यावरच ठरते.

स्पंजातले पाणी

प्रोस्टेट म्हणजे पुरःस्थ ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून बसलेली, तरुणपणी अक्रोडाएवढी असते. तिच्यात तयार होणारा स्राव वीर्यात मिसळतो. आतून ती स्पंजासारखी असते. असंख्य बारीक पोकळ्या आणि नलिका, आणि त्यांत भरलेला द्रव. तिचा बाहेरचा, गुदाशयाच्या बाजूचा भाग सर्वांत मोठा. प्रोस्टेटचे दहापैकी सुमारे सात कर्करोग याच भागात सुरू होतात. आतला, मूत्रमार्गालगतचा भाग वयाबरोबर फुगतो. लघवीची धार बारीक होणे, रात्री वारंवार उठावे लागणे हा त्रास बहुधा या साध्या वाढीचा असतो, कर्करोगाचा नव्हे.

एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात, ज्याला टी-टू म्हणतात, द्रव पांढरा उजळ दिसतो. त्यामुळे निरोगी बाहेरचा भाग उजळ दिसतो. दुसऱ्या प्रकारच्या चित्रात, म्हणजे डिफ्यूजनमध्ये, पाण्याचे रेणू किती मोकळेपणी फिरतात हे मोजले जाते. पोकळ्या मोकळ्या असतील तर पाणी हिंडते. पोकळ्या बुजल्या आणि पेशी एकमेकींना खेटून बसल्या, की त्याची वाट अडते. आठवडी बाजाराच्या गर्दीत माणसाला पाऊल टाकता येत नाही, तसेच हे. शिरेतून औषध देऊन काढलेले तिसरे चित्र रक्तपुरवठा दाखवते, कारण वाढणारी गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करते.

या चित्रांची सांगड घालून रेडिओलॉजिस्ट डागाला १ ते ५ असा आकडा देतात. तोच पाय-रॅड्स. तो संशयाचा आकडा आहे. १ म्हणजे लक्षणीय कर्करोगाची शक्यता फारच कमी आणि ५ म्हणजे फार जास्त. रोग किती पसरला ते सांगणाऱ्या स्टेजशी त्याचा संबंध नाही. ४ आणि ५ मधला फरकही पुष्कळदा डागाच्या आकाराचा असतो. दीड सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा डाग पाचव्या पायरीवर जातो.

दाट वाढ आणि विरळ वाढ

१९६६ साली डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने प्रोस्टेटच्या कर्करोगाची प्रतवारी मांडली. तिचा पाया एकेका पेशीचे रूप नव्हता, तर पेशींची रचना हा होता. आज बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘३+३’ किंवा ‘४+३’ असे दिसते ते त्यातूनच आलेले. तिसऱ्या प्रकारात कर्करोगाच्या पेशी अजून सुट्या सुट्या ग्रंथी बनवतात आणि त्या ग्रंथींना आतली पोकळी असते. चौथ्यात ग्रंथी एकमेकींत मिसळतात, पोकळ्या बुजत जातात. पाचव्यात ग्रंथीची रचनाच मोडते, पेशींचे थर किंवा विखुरलेल्या पेशी उरतात.

आता हे पाण्याच्या वाटेशी जोडून पाहा. तिसऱ्या प्रकारच्या गाठीत पोकळ्या शिल्लक असतात. शिवाय ती पुष्कळदा निरोगी ग्रंथींच्या मधून विरळ पसरते. तिथे पाणी जवळपास पूर्वीसारखेच फिरते आणि चित्रात फारसा फरक पडत नाही. चौथ्या प्रकारच्या दाट गाठीत पाणी अडते आणि टी-टूच्या उजळ भागात काळा डाग उमटतो.

ज्वारीच्या रानात गाजरगवताचा दाट पट्टा माजला, तर तो बांधावर उभे राहूनही दिसतो. तेच गवत ताटांच्या मधून एकेक करून उगवले, तर बांधावरून रान स्वच्छच वाटते. आत शिरून वाकून पाहिल्याशिवाय ते सापडत नाही. एमआरआय बांधावरून पाहतो, बायोप्सी वाकून पाहते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली दिलासा देणारी आहे. जी गाठ दाट वाढते, तिचा स्वभाव बहुधा जास्त आक्रमक असतो आणि नेमकी तीच चित्रात उठून दिसते. म्हणजे ज्या गाठीची भीती बाळगायला हवी, ती शोधण्यात एमआरआय चांगला आहे. दुसरी गोष्ट सावध करणारी आहे. हा नियम ‘बहुधा’चा आहे, ‘नेहमी’चा नाही. चौथ्या प्रकारची लहान किंवा विखुरलेली गाठ लपू शकते. एमआरआयचे काप तीन-चार मिलिमीटर जाडीचे असतात, त्यामुळे काही मिलिमीटरची गाठ निसटणे स्वाभाविक आहे. मोठ्या गाठीच्या कडाही विरळ असतात. म्हणून शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथीत प्रत्यक्ष गाठ चित्रातल्या डागापेक्षा अनेकदा मोठी निघते.

आकडे काय सांगतात

ब्रिटनमधल्या ‘प्रॉमिस’ अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यात ५७६ पुरुषांचा एमआरआय, नेहमीची सोनोग्राफीच्या मदतीने केलेली बायोप्सी आणि ताडून पाहण्यासाठी दर पाच मिलिमीटरवर तुकडे घेणारी सविस्तर बायोप्सी, अशा तिन्ही तपासण्या झाल्या. लक्षणीय कर्करोग असलेल्या १०० पैकी ९३ जणांत एमआरआयने संशय दाखवला. नेहमीच्या बायोप्सीने मात्र त्यांतल्या ४८ जणांतच रोग पकडला. आंधळेपणाने टोचलेली सुई गाठीच्या शेजारून जाते, हे त्याचे कारण.

त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. एमआरआय निर्धोक आलेल्यांपैकी सुमारे ११ टक्के पुरुषांत लक्षणीय कर्करोग निघाला. आणि ज्यांना असा कर्करोग नव्हता, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांच्या चित्रात संशय दिसला होता.

२०१८ साली आलेल्या ‘प्रिसिजन’ अभ्यासात ५०० पुरुषांचे दोन गट केले गेले. एका गटात आधी एमआरआय करून डाग दिसला तरच त्या जागेची बायोप्सी केली, दुसऱ्यात सरसकट नेहमीची बायोप्सी केली. लक्षणीय कर्करोग पहिल्या गटात ३८ टक्के तर दुसऱ्यात २६ टक्के पुरुषांत सापडला. सौम्य, कदाचित कधीच त्रास न देणारा कर्करोग मात्र पहिल्या गटात ९ टक्के आणि दुसऱ्यात २२ टक्के सापडला.

शेवटच्या दोन आकड्यांतच खरी मेख आहे. सौम्य कर्करोग सापडला की ‘कॅन्सर’ हा शब्द घरात शिरतो आणि ‘काढून टाका’ असा आग्रह सुरू होतो. शस्त्रक्रियेनंतर काहींना लघवी गळण्याचा त्रास राहतो, अनेकांच्या लैंगिक क्षमतेवर परिणाम होतो. ज्याची गरजच नव्हती अशा उपचाराची ही किंमत फार मोठी आहे. म्हणून सौम्य गाठ चित्रात लपली, तर ते पुष्कळदा रुग्णाच्या भल्याचेच ठरते.

डाग दिसला, म्हणजे कर्करोगच?

नाही. पाण्याची वाट अडवणाऱ्या इतरही गोष्टी आहेत. प्रोस्टेटची जुनी सूज, जंतुसंसर्गानंतर राहिलेला व्रण, आतल्या भागातल्या साध्या वाढीच्या घट्ट गाठी, अलीकडेच केलेल्या बायोप्सीचा रक्तस्राव, हे सगळे डाग उमटवतात. आपल्याकडे आणखी एक कारण लक्षात ठेवावे लागते. क्षयरोगाची प्रोस्टेटमधली गाठ, किंवा मूत्राशयाच्या कर्करोगासाठी बीसीजीचे औषध दिल्यानंतर येणारी सूज, चित्रात हुबेहूब कर्करोगासारखी दिसू शकते. फरक करता येतो तो तुकडा तपासूनच.

म्हणून चित्राबरोबर पीएसएचा आकडाही वाचायचा असतो, आणि तोही ग्रंथीच्या आकाराशी ताडून. पीएसए ६ आणि ग्रंथी ६० मिलिलिटरची असेल, तर भागाकार ०.१० येतो. तोच पीएसए ३० मिलिलिटरच्या ग्रंथीत असेल तर ०.२०. साधारण ०.१५ च्या वर गेले की संशय वाढतो. एमआरआय निर्धोक, पण हा भागाकार जास्त, किंवा वडिलांना अथवा भावाला हा आजार झालेला, अशा रुग्णाला ‘डाग नाही’ म्हणून घरी पाठवता येत नाही. तिथे बायोप्सीची चर्चा व्हायला हवी. डाग असेल तेव्हाही फक्त डागातून तुकडे घ्यायचे की बाकीच्या ग्रंथीतूनही, हे डॉक्टर याच हिशेबाने ठरवतात.

लक्ष ठेवणे हाही उपचार

बायोप्सीत ‘३+३’ आला, तर आज बहुतेक रुग्णांना ताबडतोब शस्त्रक्रिया सुचवली जात नाही. ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरजेप्रमाणे पुन्हा बायोप्सी अशी देखरेख ठेवतात. इथे जुन्या आणि नव्या चित्रांची तुलना मोलाची असते. डाग वर्षानुवर्षे तेवढाच राहिला, तर धीर धरता येतो. तो वाढला, जास्त गडद झाला किंवा ग्रंथीच्या आवरणाला भिडला, तर पुढचे पाऊल उचलावे लागते.

ब्रिटनमधल्याच ‘प्रोटेक्ट’ अभ्यासात ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांचा मागोवा घेतला गेला. शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा देखरेख यांपैकी काहीही वाट्याला आले तरी १५ वर्षांत या कर्करोगाने दगावणाऱ्यांचे प्रमाण तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपासच राहिले. मात्र रोग दूर पसरण्याचे प्रमाण देखरेखीच्या गटात जवळपास दुप्पट होते. देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे, हे त्यातून शिकायचे. तारीख चुकवायची नाही, ही तिची पहिली अट आहे.

एमआरआयला जाताना काही गोष्टी पाळाव्यात. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर आधी सांगावे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट न्यावा. लघवीचा जंतुसंसर्ग असेल तर आधी तो बरा करावा. बायोप्सी झाली असेल तर किमान सहा आठवडे थांबायचे का, हे डॉक्टरांना विचारावे. प्रोस्टेट लहान करणाऱ्या ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड गोळ्या चालू असतील तर आवर्जून सांगावे, कारण त्यांनी पीएसए सुमारे निम्म्यावर येतो आणि खोटा दिलासा मिळतो. जुना रिपोर्टच नव्हे, तर जुनी सीडीसुद्धा जपून ठेवावी. कंबर किंवा मणक्यात न थांबणारे दुखणे असेल, पायांतली शक्ती कमी होत असेल, तर एमआरआयच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना गाठावे.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मग असे देता येते. चार हा आकडा स्टेजचा नाही, संशयाचा आहे. बाबांच्या ग्रंथीत एका जागी पाण्याची वाट अडली आहे. का अडली, ते तिथला तुकडा तपासून कळेल. आणि ज्यांच्या रिपोर्टमध्ये दोन आले, त्यांनी फाइल कपाटात ठेवावी, पण पुढच्या पीएसएची तारीख कॅलेंडरवर लिहूनच.