परसदारचं गोल्फ

"गोल्फ? आपल्या मागच्या अंगणात? अरे, मग मी कुरडया कुठे वाळत घालू?"

आईचा हा पहिला प्रश्न. बाबांनी काही विचारलंच नाही. ते सरळ उठून आत गेले. कारण दादाने कागदावर काढलेल्या प्लॅनमध्ये त्यांनी लावलेलं लिंबाचं झाड नव्हतं.

दादा आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर. क्लायंटबरोबर दोनदा कोर्सवर गेला आणि त्याला गोल्फचा किडा चावला. पण ऑफिस आणि ट्रॅफिक सांभाळून कोर्स गाठणार कधी? म्हणून बाणेरच्या आमच्या रो-हाऊसमागे, पंधरा बाय वीस फुटांच्या जागेत कृत्रिम गवताचं पटिंग ग्रीन करायचं ठरलं.

आयडिया वाटते तितकी वेडगळ नाही बरं का. पार 72 च्या कोर्सवर 18 होल असतात आणि प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात. म्हणजे 36 फटके. निम्मा खेळ ग्रीनवरच! लांब ड्राइव्ह मारायला मैदान लागतं, पटच्या प्रॅक्टिसला वीस फूटही पुरतात. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली, ब्राँझ फक्त एका फटक्याने हुकलं. तिथवर तिला नेलं ते मुख्यतः तिच्या पटिंगने.

पहिला डाव फसला

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "दोन दिवसांत करून देतो, साहेब." झाड तोडायला माणूसही घेऊन आला. बाबा खुर्ची घेऊन झाडाखाली जाऊन बसले. पेपर उघडला आणि संध्याकाळपर्यंत उठलेच नाहीत. शेवटी झाडाभोवती कापून गवत टाकलं गेलं.

"ही काळी माती आहे. खालून काम करा," बाबा एवढंच म्हणाले.

"बाबा, तुम्हाला यातलं काय कळतं?" दादा बोलून गेला.

आयुष्यभर पाटबंधारे खात्यात माती तपासलेल्या माणसाला हा प्रश्न! त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. जेवणाच्या टेबलावर "आई, बाबांना भात हवाय का विचार" असा कारभार सुरू झाला.

जूनमध्ये पाऊस आला आणि निकाल लागला. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते. वरवर माती खरवडून, थोडी वाळू पसरून टाकलेलं गवत जागोजागी वर आलं. मधे पाण्याचं डबकं. बॉल कुठूनही मारा, जायचा थेट चेंबरच्या दिशेने. कॉन्ट्रॅक्टर फोन उचलेना.

पावसाळा संपल्यावर एका रविवारी दादा चहाचे दोन कप घेऊन बाबांच्या खोलीत गेला. "बाबा, जरा बघता का तुम्ही?"

"झाड राहणार असेल तर बघतो."

पाणसळ आणि धुम्मस

यावेळी सहा इंच माती काढली. तळाशी भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप चेंबरपर्यंत नेला, कारण काळ्या मातीतून पाणी लवकर झिरपत नाही. त्यावर मुरूम, मग खडी, सगळ्यात वर कच. प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस. बाबा हातात पाणसळ घेऊन उभे. वीस फुटांत तीन इंच उतार दिला, तोही घराच्या भिंतीपासून लांब. झाडाच्या बुंध्याभोवती मातीचं आळं मोकळं ठेवलं, त्यामुळे ग्रीनचा आकार झाला काजूसारखा. दादाने बघितलं आणि म्हणाला, "सॉलिड! खऱ्या कोर्सवरही असंच असतं."

होलचा कप मात्र गवताआधी बसवायचा. मापं ठरलेली: व्यास सव्वाचार इंच, खोली किमान चार इंच. बॉल 1.68 इंचाचा. मग आखूड, दाट गवत अंथरायचं, जोड खालून टेपने चिकटवायचे आणि वर बारीक सिलिका सँड पसरून ब्रशने आत मुरवायची. या वाळूमुळे पाती उभी राहतात, गवत जागेवर बसतं आणि बॉल सरळ धावतो.

तुम्हीही विचार करताय?

- खर्च गवतापेक्षा त्याच्या खालच्या कामावर करा. गवत बदलता येतं, पाया पुन्हा करायचा म्हणजे सगळंच उखडावं लागतं.
- आधी पाऊस जातो कुठे ते बघा, मग होलची जागा ठरवा.
- उन्हात हे गवत चांगलंच तापतं. एप्रिल-मेच्या दुपारी अनवाणी जाऊ नका. पाणी मारलं तरी गारवा फार वेळ टिकत नाही.
- पाणी आणि कापणी वाचते हे खरं, पण शेवटी हे प्लास्टिक आहे. त्यात गांडूळ राहत नाही, फुलपाखरू फिरकत नाही. सगळं अंगण झाकू नका.
- गवत भाडेकरूसारखं सांभाळा. पानं रोज झाडायची, अधूनमधून ब्रश फिरवायचा.

आमच्याकडे ते काम बाबांनी घेतलंय. सकाळी पानं झाडता झाडता ते चार पट मारतात, "सहज" म्हणून. दादा ऑफिसमधून आला की दोघं अंगणात. बोलणं उताराबद्दलच असतं, पण असतं. लिंबू ग्रीनवर पडलं तर उचलायचं नाही, त्याला वळसा घालून पट मारायचा, हा घरचा नियम.

आणि आईच्या कुरडया? मे महिन्यात तिने ग्रीनवर आजोबांचं जुनं धोतर अंथरलं. दुपारभर तापलेल्या गवतावर कुरडया कडकडीत वाळल्या. संध्याकाळी ती दादाला म्हणाली, "जरा मोठं केलं असतंस तर चाललं असतं."