७,२२७ वस्तू आणि एक कोट

समजा, तुमच्या मालकीची एकूण एक वस्तू मोजायची आहे. अगदी चमचे आणि मोजेसुद्धा! परवा मी नुसतं कपाट मोजायला घेतलं, तर ११८ वरच दमले. त्यातल्या चार टॉप्सना अजून प्राइस टॅग लटकत होते. सेल होता ना!

हे खूळ माझ्या डोक्यात घातलं मायकल लँडीने. ड्रॉइंग, इन्स्टॉलेशन, परफॉर्मन्स असं सगळं करणारा हा लंडनचा कलाकार. फेब्रुवारी २००१ मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, म्हणजे शॉपिंगच्या पंढरीतच, 'सी अँड ए' या बंद पडलेल्या कपड्यांच्या दुकानात त्याने मुक्काम ठोकला. आपल्या ७,२२७ वस्तूंची यादी केली आणि दोन आठवड्यांत त्या सगळ्यांचा भुगा केला. प्रयोगाचं नाव 'ब्रेक डाउन'.

थाट एकदम फॅक्टरीचा! सरकता पट्टा, त्यावर ट्रे, निळे बॉयलर सूट घातलेले कामगार. पासपोर्ट, प्रेमपत्रं, मित्रांनी दिलेली चित्रं, साब गाडी, सगळं सुटं होऊन चुऱ्यात. बाहेर लोक पिशव्या भरत होते आणि आत हा पठ्ठ्या रिकामा होत होता. सुमारे ४५,००० लोक हा तमाशा बघून गेले.

उरला पावणेसहा टन कचरा. 'कलाकृती' म्हणून त्याची पाकिटं सहज खपली असती. पण मग तीही खरेदीच झाली असती की! लँडीने काहीच विकलं नाही. सगळं कचरा डेपोत गेलं.

मी मात्र अडकले ते एका कोटापाशी. लँडीचे वडील बोगद्यांत काम करायचे. आईने त्यांच्यासाठी मेंढीच्या कातड्याचा कोट हप्त्यांवर घेतला. १९७७ मध्ये अपघात झाला आणि तो जड कोट त्यांना पेलवेना. पट्ट्यावर सगळ्यात शेवटी गेला तो हाच. आणि २००४ मध्ये याच मुलाने टेट ब्रिटनमध्ये काय उभं केलं, तर आई-वडिलांच्या घराची पूर्ण आकाराची प्रतिकृती!

माझी मोजणी ११८ वर थांबली, ती खरं तर दमल्यामुळे नाही. ११९ वा होता माझा कॉलेजचा लॅपटॉप, आईने भिशीच्या पैशांतून घेतलेला. आता चालू होत नाही. टॅगवाले चारही टॉप्स मी देऊन टाकले. लॅपटॉप पुसून परत आत ठेवला.

तुमचा ११९ वा नंबर कोणता?