तुळशीबाग ते मंडई : एका फेरीतले तीन विषय



"बाजारात काय बघायचं? तो तर रोजचाच," असं आपण सहज म्हणतो. पण पुण्यातली तुळशीबाग आणि मंडई मुलांना एकदा पायी फिरवून दाखवा. इतिहास, भाषा आणि गणित एकाच फेरीत भेटतात.

तुळशीबाग : इथे पूर्वी खरोखरच तुळशीची बाग होती. पेशवाईत नारो आप्पाजी खिरे यांनी राममंदिर बांधलं. मंदिराभोवती आज बांगड्या, पूजेचं साहित्य, तांब्या-पितळेची भांडी असं सगळं मिळतं. मुलांना भातुकलीच्या दुकानापुढे थांबवा. बंब, घंगाळ, जातं, पाटा-वरवंटा यांतलं बरंचसं त्यांनी घरी पाहिलेलंच नसतं. नावं लगेच सांगू नका. मुलांनी वहीत चित्र काढावं आणि "हे काय?" म्हणून घरी आजीला विचारावं.

मंडई : जवळच महात्मा फुले मंडईची जुनी दगडी इमारत आहे. मधोमध उंच मनोरा आहे. १८८६ साली ती सुरू झाली तेव्हा गव्हर्नरांच्या नावावरून तिला 'रे मार्केट' म्हणत. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव मिळालं. मुलांना विचारा, "तुम्ही त्या सभेत असता तर काय म्हणाला असता?" उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

गणित : प्रत्येकाला वीस रुपये द्या. पावशेर, वाटा, जुडी यांचा अर्थ पुस्तकापेक्षा इथे लवकर कळतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई भाजी विकते. वर्गात ती फारशी बोलत नाही. मंडईत मात्र संध्याकाळी भाव का उतरतो, हे तिनेच सगळ्यांना समजावलं. "बाई, माल उद्यापर्यंत टिकत नाही ना!" त्या दिवशी आमची शिक्षिका तीच होती.

शेवटी भेळ किंवा मिसळ खा. लहानांना तर्री कमी, पाव जास्त.

एक लक्षात ठेवा. समोरच्यांची ती धंद्याची वेळ असते. म्हणून "मावशी, विचारू का?" असं म्हणूनच मुलांनी बोलावं, आणि निघताना थोडं तरी काही विकत घ्यावं.